कानशीचा शेवटचा हात

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमची बहुतेक भांडणं एकाच वस्तूवरून झाली, आणि ती वस्तू म्हणजे माझी विळी. हे फिटर. रत्नागिरीच्या आयटीआयमधून शिकून बहरीनला आलेले आणि पंप, व्हॉल्व्ह दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागलेले. यांची लोखंड घासायची कानस चालताना बघायला म्हणे दुसऱ्या शिफ्टची माणसं थांबायची. हे मला यांनीच सांगितलेलं, तेव्हा किती धरायचं आणि किती सोडायचं ते तुम्हीच ठरवा. पण अशा नामांकित कारागिराच्या घरी, मनामा शहरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, मी ज्या विळीवर मासे साफ करायची तिच्यावर कांद्याचं सालसुद्धा धड निघत नव्हतं.

धार हेच लावायचे. गुरुवारी हाफ डे असायचा. जेवून, वामकुक्षी घेऊन संध्याकाळी हे विळी घेऊन बाल्कनीत बसायचे, कानस चालवायचे, अंगठा फिरवून बघायचे आणि "झाली" म्हणून माझ्यासमोर ठेवायचे. मी साफी कापायला घ्यायची. साफी हा इथला लहानसा चपटा मासा, आम्हाला परवडणारा आणि चवीला फार चांगला. तो विळीवर कापला जायच्याऐवजी चेंगरायचा.

मी म्हणायची, "धार नाय हिला."

हे म्हणायचे, "धार हाय. तुझ्या हाताला वळण नाय."

आता माझ्या माहेरी दारात समुद्र. मी परकर नेसायला लागले तेव्हापासून मासे कापतेय. मला वळण नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरायचं. बाजारात मासे कापून देणारा एक केरळी होता, त्याच्याकडून विळीला धार लावून आणते असं मी एकदा म्हटलं, तर हे ताटावरून उठले. "फिटरची बायको धार लावायला बाजारात गेली तर माझा नाक काय ऱ्हायला मंग?" यांचं नाक राहावं म्हणून मी बोथट विळीवर संसार केला.

याच काळात यांच्या तोंडी साहेबाचं नाव फार येऊ लागलं. साहेब म्हणजे यांचा सुपरवायझर, कॅनडाचा, पन्नाशी ओलांडलेला, उन्हाने टोमॅटोसारखा झालेला माणूस. तोही कोवळ्या वयात वर्कशॉपमध्ये बाकापाशी उभा राहून शिकलेला होता, त्यामुळे यांचं आणि त्याचं जमायचं. बुदैयाला एका व्हिलात एकटा राहायचा. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला तो लीव्ह घेऊन घरी जायचा आणि म्हाताऱ्या बापाबरोबर जंगलात हरणाच्या शिकारीला जायचा. बंदुकीने नाही, धनुष्यबाणाने. मला आधी ही थाप वाटली. विमानातून फिरणारी माणसं धनुष्यबाण कशाला घेतील, असं मी यांना विचारलंही.

एका रात्री जेवताना यांनी मला सगळी हकीकत सांगितली. आदल्या वर्षी साहेबाने एका हरणाला बाण मारला. बाण लागला, पण साहेबाने स्वतः घासलेल्या त्याच्या पात्याला धार नव्हती. हरीण जखमी होऊन पळालं. बापलेक संध्याकाळपर्यंत रक्ताच्या मागावर हिंडले आणि हरीण काही सापडलं नाही. कुठेतरी झुडपात ते तळमळत मेलं असणार. घरी आल्यावर त्याने लेकाला एवढंच सांगितलं, की स्वतःच्या हाताने कानशीवर धार काढायला शिकशील तेव्हा माझ्याबरोबर ये, नाहीतर यापुढे जंगलात तुझं काम नाही. दुकानातून धार लावून आणलेली चालणार नाही, दुसऱ्याने लावलेली चालणार नाही, माझ्यासमोर बसून काढून दाखवायची. बापाचं वय ऐंशीच्या वर. यंदा नाही गेलो तर पुन्हा जायला मिळेल की नाही कोण जाणे, असं साहेब यांना म्हणाला होता, आणि म्हणताना तो खिडकीकडे बघत होता.

मी ते ऐकलं आणि हातातला घास तसाच राहिला. मी म्हटलं, "हा म्हातारा आमच्यातला हाय."

कारण माझे बावा, म्हणजे वडील, अगदी तसेच होते. बकरीदच्या आदल्या दिवशी ते वहीचा कागद एका हातात उभा धरायचे आणि त्यावरून सुरी ओढायचे. कागद न फाटता सरळ कापला गेला तर ठीक, नाहीतर सुरी परत. जनावराला सुरी दाखवायची नाही, त्याच्यासमोर घासायची नाही आणि एका ओढीत काम व्हायला हवं, एवढं त्यांचं सांगणं होतं. एका वर्षी खाटीक बोथट सुरी घेऊन आला. बावांनी त्याला ईदच्या सकाळी, नव्या कपड्यांतल्या सगळ्या पाहुण्यांसमोर, धार लावायला परत पाठवला. तो दुपार उलटून असरची नमाज होईपर्यंत आला नाही. तोवर बोकड अंगणात आमच्या आईची अळूची पानं खात उभा होता आणि बावा त्याला पाणी पाजत होते. त्यामुळे कॅनडातला तो म्हातारा मला न बघताच आवडला.

यांनी साहेबाला शब्द देऊन टाकला होता. कानशीचं काम म्हणजे आपलं काम, यल्ला, चला, या शुक्रवारीच सुरू करू, असं. घरी विळीची ती दशा आणि बाहेर हे शब्द देत फिरत होते. पण या वेळी मी टोमणा गिळला, कारण मलाही ती धार लागायला हवी होती.

वर्कशॉपमध्ये खाजगी काम करायला बंदी होती, म्हणून दर शुक्रवारी जुम्याची नमाज आणि जेवण आटोपलं की आम्ही आमच्या जुन्या गाडीने बुदैयाला जाऊ लागलो. मी बरोबर जायची, कारण सुट्टीच्या दिवशी फ्लॅटच्या भिंती बघत बसायची मला हौस नव्हती. शिवाय बुदैयाच्या रस्त्याला मळे होते. कोथिंबीर, मुळे, पालक तिथेच घेता यायचा. साहेबाच्या गॅरेजमध्ये कामाचा एक उंच बाक, त्याला वस्तू आवळून धरणारी लोखंडी पकड, छताला पंखा आणि माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची. साहेब मला भाबी म्हणायचा, वर्कशॉपमधल्या पोरांकडून शिकलेला. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, ते मी इथे मराठीत लिहिते आहे.

पाती मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला ती सुंदर वाटली. धनुष्य आणि बाण तिकडेच होते, साहेबाने फक्त पाती बिस्किटाच्या डब्यातून आणली होती. बोटभर लांबीचं पोलादाचं तिकोनी पान, मागे बाणात बसवायची नळी, आणि दोन्ही बाजूंना तिरकी कड. ती कड म्हणजेच धार. काम बघायला सोपं होतं. कानस पकडीत आडवी बसवायची. पात्याची तिरकी बाजू कानशीवर सपाट टेकवायची आणि धार पुढे करून टोकाकडून मागेपर्यंत एका दमात ढकलायची. थोड्या वेळाने धारेच्या पलीकडे लोखंडाची केसासारखी बारीक कोर उभी राहते, ती अंगठ्याला जाणवते. मग पातं उलटं करायचं आणि दुसरी बाजू घ्यायची. शेवटी हात हलका हलका करत ती कोर काढून टाकायची. कानशीच्या दातांत किस अडकू नये म्हणून हे तिला खडू लावायचे.

पातं कानशीला पूर्ण टेकतंय की नाही हे कळायला वर्कशॉपमध्ये निळा रंग लावतात. तो नव्हता, तर मी माझ्या पर्समधली काजळाची डबी काढून दिली. बोटाने धारेला काजळ लावायचं, दोनदा कानशीवर फिरवायचं, आणि काळं कुठे राहिलं ते बघायचं. साहेबाला ही युक्ती इतकी आवडली की तो प्रत्येक पात्याला नवरीसारखं काजळ लावत बसला. त्याचं नाक आणि कपाळही काळं झालं. हे त्याला सांगू का नको या विचारात होते, मी सांगून टाकलं.

परीक्षा बापाने ठरवून दिलेली होती. कॉफीच्या रिकाम्या डब्याच्या तोंडावर रबर ताणून बसवायचं आणि पात्याची धार त्यावर नुसती ठेवून ओढायची, दाब द्यायचा नाही. रबर तटकन तुटलं तर धार आहे. वाकलं, सरकलं, डब्यावरून निसटलं तर नाही. रबरं माझ्याकडची, कोथिंबिरीच्या जुड्यांना बांधलेली.

पहिल्या शुक्रवारी रबर वाकलं. मी समजले, पहिलाच दिवस आहे. दुसऱ्या शुक्रवारीही वाकलं. यांनी स्वतः घासलेलं पातं ठेवलं तर तेही वाकलं. मग यांचा कारणांचा कारखाना सुरू झाला. आधी पोलाद हलकं होतं. मग कानस चिनी होती, तेव्हा यांनी आपली खास कानस घरून आणली. मग दमट हवेत रबर सैल पडतं असा शोध लागला. मी म्हटलं, तुमची विळीसुद्धा हवेमुळेच कापत नाय वाटतं. गॅरेजमध्ये साहेबासमोर हे मला काही बोलू शकले नाहीत, पण परतीच्या रस्त्यावर मनामापर्यंत गाडीत नुसता इंजिनाचा आवाज होता.

दर शुक्रवारी आम्ही तिथे असतानाच बापाचा फोन यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. साहेब गॅरेजच्या दारातून आत जायचा आणि आम्हाला त्याचं बोलणं ऐकू यायचं. बाप तब्येत विचारत नसे, हवा विचारत नसे. एकच विचारायचा, रबर तुटलं का. साहेब म्हणायचा, अजून नाही. मग तो बाहेर येऊन पुन्हा कानशीला लागायचा. एवढा मोठा माणूस, हाताखाली चाळीसएक लोक, आणि त्या फोननंतर त्याचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा होऊन जायचा. मला त्याची फार कीव यायची. यांनाही येत असणार, पण यांची कीव रागातून बाहेर पडते. हे त्याला ओरडायचे, "स्लो, साहेब, स्लो."

असं करता करता साहेबाच्या लीव्हआधीचा शेवटचा आठवडा आला. तिकीट रविवारचं होतं. म्हणजे हाती एकच शुक्रवार.

त्या गुरुवारी संध्याकाळी हे नेहमीसारखे विळी घेऊन बाल्कनीत बसले होते. मी आत भाताला आधण ठेवलं होतं. इतक्यात फोन वाजला. गावाहून माझ्या दिराचा, बूथवरून केलेला. बूथवर मीटर पळतो, तेव्हा हे कानस तिथेच टाकून धावले. दिराने जमिनीच्या बांधाचं काहीतरी काढलं आणि बोलणं लांबलं. मला मासे कापायची घाई होती, म्हणून मी बाल्कनीतून विळी उचलून आणली आणि एक साफी घेतली.

मासा विळीला लागला आणि दोन तुकडे झाले. मला कळलंच नाही कधी कापला ते. मी दुसरा घेतला. पाठीचा काटा, ज्यावर मी रोज दोन्ही हातांनी जोर करायची, तो कोथिंबिरीच्या देठासारखा तुटला. मी तिथेच पाटावर बसून राहिले. इतक्या वर्षांत या घरात प्रथमच मासा कापला गेला होता, चेंगरला नव्हता.

हे फोन ठेवून आले. विळी जागेवर नाही म्हणून चिडले. "अर्धी ऱ्हायली होती ती. उचललीस कशाला?" असं म्हणून त्यांनी विळी नेली, खालमानेने कसलेसे दोन हात मारले, पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. "झाली."

मी तिसरा मासा घेतला. तो चेंगरला.

मी यांना म्हटलं, "तुमी आता हिला काय केलाव?"

"काय केला म्हणजे? पुरी केली."

"मघाशी कापत होती. तुमी पुरी केली आणि मेली."

हे माझ्याकडे असे बघू लागले, जणू मला ताप आला असावा. मी तुकडे दाखवले, हे दोन मघाचे आणि हा आत्ताचा. ते म्हणाले मासा शिळा असेल. एकाच पिशवीतले तीन मासे, दोन ताजे आणि एक शिळा. मी भांडले, हे भांडले, आधण उतू गेलं. शेवटी आम्ही वरण-भात आणि लोणच्यावर जेवलो. पण मला झोप लागेना. धार काढून झाल्यावर हे काहीतरी करतात एवढं नक्की होतं, ते काय हे मला दिसलं नव्हतं, आणि यांना विचारून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी बुदैयाला मी माझी खुर्ची बाकाच्या अगदी जवळ ओढून घेतली. एरवी मी गॅरेजच्या दारात बसून भाजी निवडायची. त्या दिवशी भाजी पिशवीतच ठेवली आणि दोघांच्या हातांवरून नजर काढली नाही.

दोघं दोन पाती घासत होते. साहेबाचा हात आता छान बसला होता, पातं कानशीवर सपाट चालत होतं, आवाज लांब आणि सारखा येत होता. कोर उभी राहिली, त्याने ती काढली, अंगठा फिरवला. यांचंही तसंच. आणि मग दोघांनी, एकमेकांकडे न बघता, बाकावरच्या दोन छोट्या कानशी उचलल्या आणि पात्याच्या धारेवरून उभ्या फिरवल्या. सर्र, सर्र. दोन हात. मग फडक्याने पुसलं आणि पातं खाली ठेवलं.

मी हे गेले सगळे शुक्रवार ऐकत होते. बाल्कनीतही हाच आवाज गेली कित्येक वर्षं ऐकत होते. मला वाटायचं, हा साफसफाईचा भाग असेल.

मी म्हटलं, "आता दोघांनी काय केलंत?"

साहेब म्हणाला, "काही नाही. काम संपवलं."

"ती लहान कानस धारेवर का फिरवलीत?"

"कोणती कानस?" हे म्हणाले. कानस यांच्या हातात होती.

खरंच त्या दोघांना ठाऊक नव्हतं. मी साहेबाला दुसरं पातं घ्यायला लावलं. त्याने धार काढली, कोर काढली, अंगठा फिरवला, आणि त्याचा हात बाकावरच्या छोट्या कानशीकडे गेला. मी म्हटलं, "स्टॉप, साहेब. खलास." त्याचा हात हवेत थांबला. तो त्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो हात शेजाऱ्याचा असावा.

मग एकदम हे कपाळाला हात लावून बाकापाशी खालीच बसले. साहेबही हळूहळू लाल व्हायला लागला, आधी होता त्याहून जास्त. मला काही कळेना. यांनी मला समजावलं. वर्कशॉपमध्ये कुठल्याही लोखंडाची कड धारदार सोडायची नसते, नाहीतर पुढे हाताळणाऱ्याचा हात कापतो. काम झालं की शेवटी कड मोडायची, हे फिटरला पहिल्या दिवसापासून शिकवतात. यांचे आयटीआयचे मास्तर पोरांच्या कामावरून कापसाचा बोळा फिरवायचे, आणि कुठे तंतू अडकला की ते काम खिडकीतून बाहेर जायचं. साहेबाचा पहिला फोरमन तळहात फिरवायचा, आणि ओरखडा उठला तर त्याच तळहाताने पोराच्या कानाखाली वाजवायचा. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन पोरं एकच धडा शिकली होती आणि तो त्यांच्या हातात इतका मुरला होता की डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता. उत्तम धार काढायची आणि शेवटच्या दोन हातांत तिचा जीव घ्यायचा. साहेबाच्या आदल्या वर्षीच्या त्या हरणाचंही हेच झालं होतं.

मला खूप हसू आलं. ते मी आवरलं, कारण साहेब हसत नव्हता. तो म्हणाला, "ते हरीण चांगल्या सवयीने मेलं, भाबी." मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

हे मात्र उठले. दोन्ही छोट्या कानशी उचलून माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, "ह्या तुझ्याकडं ठेव. मागितल्या तरी देव नको." मी त्या खुर्चीवर ठेवल्या आणि वर बसले. साहेबाने नवीन पातं घेतलं. या वेळी त्याने इतकी सावकाश धार काढली की पंख्याच्या वाऱ्यातही त्याच्या हनुवटीवरून घाम गळत होता. कोर काढल्यावर त्याचा उजवा हात सवयीने बाकावर चाचपडला. तिथे काही नव्हतं. त्याने तो हात खिशात घातला, डाव्या हाताने पातं माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, रबरावर तुम्हीच ठेवा.

मी रबरावर पातं ठेवलं. ओढायच्या आधीच रबर तुटलं आणि त्याचा एक तुकडा यांच्या गालावर बसला.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब आत धावला. आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत होतो. त्याने "हो" म्हटलं. मग पुन्हा "हो." मग पलीकडून काही बोलणं झालं असावं, कारण तो बराच वेळ ऐकत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले वडील? साहेब म्हणाला, "म्हणाला की त्याच्यासमोर तुटलं तर तो मानेल."

परतताना गाडीत हे गप्प होते. गुपचूप बसलेला हा माणूस मला रागावलेल्यापेक्षा जास्त जड जातो. नेहमी मीच आधी बोलायचं असतं, पण मी त्या दिवशी मुद्दाम बोलले नाही. मनामाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हे समोर बघत म्हणाले, "तुझा हात बरोबर होता." एवढंच. यांच्याकडून माफी मागून घ्यायची तर दुसरा जन्म घ्यावा लागेल, म्हणून मी एवढ्यावर खूश झाले, आणि घरी पोहोचेपर्यंत हसत राहिले.

साहेब गेला. तो महिना आम्हाला लांब गेला. हे रोज कामावरून आले की मी विचारायची, काही कळलं? हे म्हणायचे, जंगलात फोन असतो काय? नमाजानंतर दुआ मागताना मी त्या कॅनडाच्या म्हाताऱ्याच्या रबरासाठीही दुआ मागितली. अल्लाला आश्चर्य वाटलं असेल.

तो परत आला त्याच आठवड्यात आम्ही त्याला जेवायला बोलावलं. मी घावणे आणि कोळंबीचं कालवण केलं होतं. साहेब आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसला, त्याला ती धड घालता येत नव्हती, आणि दुसरा घावणा संपेपर्यंत आम्ही त्याला काही विचारलं नाही. मग माझ्याने राहवेना. मी विचारलं, रबर?

तो म्हणाला, पोहोचलो त्याच संध्याकाळी बापाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा मांडून ठेवला होता. मी धार काढत होतो आणि तो समोर बसून बघत होता. कोर काढली आणि माझा हात पुन्हा छोट्या कानशीकडे निघाला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला. बापाने विचारलं, हाताला काय झालं? तेव्हा मी सगळं सांगितलं, भाबी कानशींवर कशी बसली तेसुद्धा. बाप इतका हसला की त्याला खोकला लागला. मग त्याने रबरावर पातं ठेवलं. तुटलं.

"मंग?" हे मराठीतच म्हणाले. साहेबाला ते समजलं.

मग बाप उठून आत गेला, साहेब सांगू लागला, आणि स्वतःची पाती घेऊन आला. ती त्याने आयुष्यात कुणाला हात लावू दिली नव्हती. टेबलावर माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, या पात्यांनाही धार काढ. मी एक उचलून अंगठा फिरवला तर ते माझ्या जुन्या पात्यांपेक्षाही बोथट होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, लांबचं सगळं दिसतं रे, जवळचं दोन वर्षांपासून दिसत नाही. धार कुठे आहे ते कळत नाही. कुणीतरी शिकल्याशिवाय मी हे सांगणार कुणाला होतो?

मला आता तो दर शुक्रवारचा फोन आठवला. आम्ही सगळे समजत होतो की म्हातारा कडक आहे. त्याला घाई झाली होती आणि ती त्याने कुणाला कळू दिली नव्हती.

यांनी विचारलं, शिकार झाली का? साहेब म्हणाला, झाली, पण माझी नाही. बाण बापाने सोडला, धार मी काढलेली होती. हरीण चार पावलं चाललं आणि बसलं. आम्ही जवळ पोहोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं, त्याला काही कळलंही नसेल. बापाने हरणाच्या मानेवर हात ठेवला आणि तो तसाच बसून राहिला.

माझ्या तोंडून "अल्हम्दुलिल्ला" निघून गेलं. हे पाणी आणायला म्हणून उठले, तांब्या समोरच भरलेला होता.

साहेबाने मग शर्टाच्या खिशातून एक पुरचुंडी काढली. जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाची फाडलेली चिंधी, चार पदरी बांधलेली. त्याने ती सतरंजीवर सोडली. आत पाती होती, जुनी, वर्षानुवर्षं घासून अरुंद झालेली.

"त्याची आहेत," तो म्हणाला. "सगळी दिली. पुढच्या वर्षी येताना धार लावून घेऊन ये म्हणाला." मी त्याच्या ताटात आणखी एक घावणा वाढला आणि त्याने तो खाली मान घालून खाल्ला.